निजलेलं गवत

बोट मातीत गेलं आणि ओलं होऊन बाहेर आलं. लीनाने ते उन्हात धरून पाहिलं. दुसऱ्या पेरापर्यंत काळी, गार, चिकट माती. पौषातली दुपार होती. डमडमच्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर ऊन पातळ ताकासारखं पसरलं होतं. विमानतळाकडे उतरणारं एक विमान इतकं खालून गेलं की त्याची सावली दोरीवरच्या चादरींवरून घसरत पलीकडे पडली, आणि लीना तशीच उकिडवी बसून राहिली, ते बोट जरा दूर धरून, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. या कुंडीला आपण पाणी घातलेलं नाही. या आठवड्यात नाही, मागच्याही नाही. बासष्टी ओलांडलेल्या माणसाने स्वतःवर थोडा अविश्वास ठेवायला शिकावं, असं तिचा नवरा विवेक म्हणे. पण या एका बाबतीत तिला स्वतःच्या नावाइतकी खात्री होती. तिने उठून बाकीच्या कुंड्या पाहिल्या. तुळस, गवती चहा, मोगऱ्याच्या काड्या. सगळ्यांची माती तिने ठेवली होती तशीच होती, कोरडी ती कोरडी, ओलसर ती ओलसर. ओली झाली होती ती फक्त एकच कुंडी, जिला पाणी चालत नव्हतं. हे काही चुकून झालेलं नव्हतं. चूक अशी निवडून होत नाही.

कुंडी तिची नव्हतीच. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुरुचीची होती. सुरुचीच्या नवऱ्याची बँकेतून गुवाहाटीला बदली झाली आणि दुर्गापूजा आटोपल्यावर त्यांचं सामान हललं. पॅकर्सवाले कपाटं नेतात, काचेची भांडी कागदात गुंडाळून नेतात, पण माती नेत नाहीत. त्यामुळे कोलकात्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या मराठी घरांची झाडं शेवटी लीनाच्या गच्चीवर येत. बदलीची माणसं जमिनीत काही लावत नाहीत, कुंडीत लावतात, आणि ती कुंडीही जाताना कुणाच्या तरी हवाली करतात. मोगरा एका रेल्वेवाल्यांचा होता, ते आता बिलासपूरला. गवती चहा ज्यांचा होता त्यांचं नावसुद्धा आता लीनाला पटकन आठवत नसे. सगळे म्हणत, "काकू, पुढच्या वर्षी येऊन नेऊ." कुणी आलं नव्हतं. पण सुरुचीची मुलगी आभा, नऊ वर्षांची, त्या गवताच्या तुऱ्यांत मनगटापर्यंत हात घालून उभी राहिली होती आणि काही केल्या हात काढायला तयार नव्हती. तेव्हा ते गवत भरात होतं. गर्द जांभळी-लाल पाती कारंज्यासारखी चारी बाजूंना वाकलेली, आणि त्यांतून वर आलेले लांब, मऊ, कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे. नर्सरीवाला त्याला काही इंग्रजी नाव सांगे. आभा त्याला 'शेपटीवालं' म्हणे. "थंडीत हे मेल्यासारखं दिसेल, काकू," सुरुची म्हणाली होती. "सगळे सांगतील, टाका. टाकू नका हं. ते नुसतं निजतं."

निजणाऱ्याला कसं निजवायचं ते लीनाला येत होतं. मार्गशीर्षात पाती वाळून गव्हाच्या काडासारखी झाली, तेव्हा तिने सगळा झुबका सुतळीने वेणीसारखा बांधला, मातीपासून वीतभर राखून वरचा भाग कात्रीने कापला, आणि कुंडी कठड्यावरून उचलून गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या मोठ्या टाकीच्या आडोशाला नेऊन ठेवली. तिथे उत्तरेचा वारा लागत नव्हता, रात्रीचं दव पडत नव्हतं, आणि टाकीच्या काळ्या भिंतीला दिवसभराची ऊब असे. मग पाणी जवळजवळ बंद. रविवारी मराठी शिकायला येणाऱ्या मुलांना तिने गच्चीवर नेऊन हे सगळं दाखवलंही होतं. मुलांना काही दाखवायचं म्हटलं की तिचा आवाज आपोआप खाली येई आणि हात हळू चालत. "आपण जागे असलो की पितो. झोपलेल्याच्या तोंडात कुणी पेला ओततं का? नाही ना? तसंच. मुळं आता पीत नाहीत. पाणी घातलं तर ते तिथेच साचून राहील आणि मुळं कुजतील. फाल्गुनात जाग आली की ते आपणहून मागेल." केयूरने विचारलं होतं, "आजी, ते घोरतं का?" सगळी हसली होती. नूपुर हसली नव्हती. ती कुंडीकडे बघत होती. लीनाला आता हे आठवलं, आणि आठवल्याबरोबर ते तिने बाजूला सारलं, जसं आपण रस्त्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर पलीकडे बघतो.

संशय पहिल्यांदा घोषबाबूंकडे गेला. तिथे जाणं सोपं होतं. घोषबाबू तिसऱ्या मजल्यावरचे, आणि थंडी आली की सगळी गच्ची त्यांची होई. डालियाच्या कुंड्या, शेवंतीच्या कुंड्या, प्रत्येकीला काठी, प्रत्येकीला नावाची पट्टी. डोक्याला माकडटोपी, हातात पाण्याची नळी, आणि तोंडाने फुलांशी बोलणं चाललेलं. टाकीशेजारच्या कोपऱ्यावर त्यांचा पहिल्यापासून डोळा होता. कापलेलं गवत पाहून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले होते. "बौदी, ये तो मर गया. फेंक दीजिए. इधर हमारा डालिया रखेगा." लीना म्हणाली होती, "मरा नहीं है, सो रहा है." घोषबाबू हसले होते, टोपीच्या खिडकीतून दिसणाऱ्या तेवढ्या चेहऱ्याने. "हम भी ऑफिस में ऐसे ही सोता था." ते हसणं आता तिला वेगळं दिसू लागलं. ज्याच्या हातात दिवसभर नळी आहे त्याला एखादं गवत मारायला किती वेळ लागतो? ना ओरखडा, ना मोडलेली काडी. पाण्याने मारलेल्या झाडाचा पंचनामा होत नाही. ती दोन दिवस त्यांच्या येण्याजाण्यावर नजर ठेवून राहिली, कपडे वाळत घालायच्या निमित्ताने, कपडे काढायच्या निमित्ताने. तेव्हा लक्षात आलं की घोषबाबू मुळी इथे नव्हतेच. ते मुलीकडे आसनसोलला गेले होते आणि डालियांना पाणी घालायला खालचा दरवान येत होता, तोही फक्त डालियांना. तिने पुन्हा बोट घातलं. माती पुन्हा ओली होती. आणि बोटाला आता एक वास येत होता, फार दिवस बंद असलेल्या डब्यासारखा.

मग विवेक. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यावर संशय घ्यायला वेगळं कारण लागत नाही, एखादा दार लोटून घेतलेला फोन पुरतो. परवा तो पुण्याला कौस्तुभशी बोलत होता, आणि ती चहा घेऊन गेली तेव्हा दाराआडून तिने ऐकलं, "तुझी आई इथून हलणं कठीण आहे रे. तिची ती गच्ची आहे, तिची ती मुलं आहेत." त्यात वाईट काही नव्हतं. उलट कौतुकच होतं. पण रात्रभर ते वाक्य तिच्या डोक्यात कुशीवर कुशी बदलत राहिलं. गच्ची आहे म्हणून हलत नाही. मुलं आहेत म्हणून हलत नाही. म्हणजे गच्ची नसली तर? बँकेच्या नोकरीत विवेकने असंच केलं असणार, कर्जदाराला काही न बोलता त्याच्या पायाखालची एकेक वीट काढत जायची. ती विचार करत राहिली आणि शेजारी तो शांत घोरत होता, बंगाल्यांसारखी कानटोपी घालून. सकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, तुम्ही वर गेला होतात का?"

"कुठे वर? मेल्यावर जातात तिथे?"

"गच्चीवर."

"या गुडघ्यांनी? पूजेनंतर मी गच्चीच्या जिन्याची पायरी चढलेली नाही. का?"

"टाकीजवळच्या कुंडीत कुणीतरी पाणी घालतंय."

विवेकने पेपर खाली केला. "पाणीच घालतंय ना? विष नाही ना घालत? मग राहू दे की."

"तुम्हाला कळायचं नाही ते."

"नाही कळायचं. तू असं कर, सीबीआयकडे दे तपास. गवताला पाणी पाजल्याचं प्रकरण." आणि मग पेपर पुन्हा वर करून, आतल्या आत, "आणि संशयितांत माझं नाव कितव्या नंबरवर आहे तेही सांग." त्याचे गुडघे खरंच चढण्यातले नव्हते, हे तिला माहीत होतं. तरी नंतर तिने त्याच्या चपलांचे तळ पाहिले.

त्या शनिवारी दुपारी तिने रांगोळीचा डबा वर नेला. घरात लेकी-सुना नसताना रांगोळी उरते ती पांढरी, साधी. कुंडीभोवती तिने चिमटीतून एक बारीक वर्तुळ सोडलं, आणि त्याच्या बाहेर पावलाच्या अंतरावर थोडी पूड नुसती भुरभुरली, इतकी विरळ की उन्हात ती सिमेंटसारखीच दिसावी. हे करताना तिला हसू आलं. आणि त्याच वेळी कानशिलं गरमही झाली, कारण आपण हे चांगलं करतो आहोत, हात थरथरत नाही आहे, हे तिच्या लक्षात आलं. काही माणसांमध्ये एखादा गुण जन्मभर झोपलेला असतो आणि उतारवयात जागा होतो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुलं यायच्या वेळेला ती मुद्दाम स्वयंपाकघरात रेंगाळली. मुलं आली, चपला-बूट काढून आत बसली, आणि कुणीतरी म्हणालं, "नूपुर वर गेलीय." थोड्या वेळाने नूपुर आली, थंडीने नाक लाल झालेली, आणि आपल्या जागी बसली. लीना मुलांना एक परिच्छेद वाचायला देऊन वर गेली. वर्तुळ मोडलं होतं. टाकीकडच्या बाजूला रांगोळी पार धुऊन गेली होती, तिथे फक्त ओला डाग होता. आणि समोरच्या बाजूला, भुरभुरलेल्या पुडीत, एक लहान बूट उमटला होता. तळावर चांदण्या असलेला. तो ठसा इतका स्वच्छ होता की तिने दुसरीकडे बघायची गरजच ठेवली नाही.

खाली आतल्या खोलीतून वाचनाचा आवाज येत होता, पाचसहा मुलांचा, पुढेमागे होणारा. लीना दाराशी वाकली आणि चपलांच्या ढिगातून एक निळा बूट उचलून तिने उलटा केला. चांदण्या. चांदण्यांच्या खाचांत पांढरी पूड. तो बूट अजून आतून गरम होता. मान वर केली तर आतल्या दारात नूपुर उभी होती. पाणी प्यायला उठली असेल. तिने आपल्या बुटाकडे पाहिलं, मग लीनाच्या तोंडाकडे, आणि परत आत जाऊन बसली. पाणी प्यायलीच नाही.

वर्ग सुटल्यावर लीनाने तिला थांबवलं. या खोलीचा एक नियम होता, भिंतीवर कुठे लिहिलेला नसला तरी सगळ्या मुलांना पाठ असलेला: इथे मराठीच. बाहेर बांगला बोला, शाळेत इंग्रजी बोला, दरवानाशी हिंदी बोला, पण या सतरंजीवर मराठी. मुलं अडखळत. वाक्याच्या मध्येच त्यांचे डोळे छताकडे जात, जणू हरवलेला शब्द पंख्याला लटकलेला असावा. अशा वेळी लीना कधी शब्द पुरवत नसे आणि कधी रागवतही नसे. ती हात मांडीवर ठेवून म्हणे, "घाई नाही. शब्द येतोय. आपण वाट बघू." मुलांचे आईबाप म्हणत, काकू, तुमच्यासारखा धीर आमच्यात नाही. तिला ते ऐकायला आवडत असे. त्या दिवशी ती खुर्चीवर बसली होती आणि नूपुर सतरंजीवर उभी होती.

"गच्चीवर गेली होतीस?"

"हो."

"त्या गवताजवळ?"

"हो."

"पाणी घातलंस?"

"नाही." हे लगेच आलं. जरा जास्तच लगेच, असं लीनाला वाटलं.

"मग काय करत होतीस तिथे?"

"मी बसले होते."

"बसून काय करत होतीस?"

नूपुरने तोंड उघडलं. "मी ना... आभा..." आणि थांबली. डोळे छताकडे गेले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. हाताच्या बोटांनी ती फ्रॉकची कड चुरगाळत होती. बाहेर रस्त्यावरून एक टोटो रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"आभा काय? आभा इथे आहे का?"

"नाही. आभाने मला... ते एकटं... म्हणजे..." पुन्हा छत. पुन्हा ओठ. तो थांबणारा क्षण लीनाला स्पष्ट दिसत होता, त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा असतो: एका बाजूला खरं शोधणारा, दुसऱ्या बाजूला खोटं रचणारा. बाहेरून दोघं सारखे दिसतात. बत्तीस वर्षं मुलांना शिकवल्यावर आपल्याला तरी फरक कळतो, असा तिचा समज होता. ती म्हणाली, "नूपुर, सरळ उत्तर द्यायला इतका वेळ लागत नाही."

मुलीचे ओठ मिटले. काहीतरी आत गेलं आणि दार लागलं, तसं. "पाणी नाही घातलं," ती म्हणाली, आणि मग खाली बघत बूट घालून गेली. जाताना तिने ते बूट आधी झटकले.

पुढच्या रविवारी तिच्या आईचा, मुग्धाचा, फोनवर निरोप आला: काकू, नूपुरला जरा ताप आहे. त्याच्या पुढच्या रविवारी: शाळेत परीक्षा आहे. विवेक म्हणाला, "पोरीला असं विचारायला नको होतंस."

"तिने खोटं सांगितलं."

"कशावरून?"

"अहो, तिला उत्तर सुचत नव्हतं."

"हं," विवेक म्हणाला. त्या 'हं'मध्ये काय होतं ते तिने दिवसभर उलटसुलट करून पाहिलं. सतरंजीवर नूपुरची जागा रिकामी होती आणि बाकीची मुलं, न सांगता, ती तशीच सोडून बसत होती. केयूरने एकदाच विचारलं, "आजी, नूपुरने काय केलं?" तिने उत्तर दिलं, "काही नाही." आणि तिला जाणवलं की हे उत्तर लगेच आलं. जरा जास्तच लगेच.

गवत मात्र ओलंच राहिलं. नूपुर येत नव्हती आणि माती ओली होती. ही दोन वाक्यं तिने मनात शेजारी शेजारी ठेवली आणि एकदम नजर काढून घेतली. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी उशा-रजया उन्हात टाकायला म्हणून ती पहिल्यांदाच सकाळी लवकर वर गेली. एरवी तिची वेळ दुपारची, ऊन असताना. गच्चीवर धुकं होतं, पलीकडच्या इमारती नुसत्या रेघांसारख्या, आणि खाली पंपाची घरघर चालू होती. ती रजई दोरीवर टाकते न टाकते तोच टाकीच्या पोटातून एक गुळगुळ आवाज आला आणि वरच्या तोटीतून पाणी सुटलं. मोठी धार नव्हे. टाकी भरून वाहिल्याचं ते पाणी भिंतीच्या अंगाने शांतपणे खाली आलं, खालच्या सिमेंटच्या पट्टीवरून वळलं, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या कुंडीत उतरू लागलं. कुणी माणूस प्रेमाने पेल्यातून घालावं तसं. ती दोरीवरची रजई धरून बघत राहिली. घोषबाबू परत आले होते, त्यांनी डालियांच्या मागून टोपी वर केली. "रोज होता है, बौदी. शीतकाल में नहाता कौन है? पंप उतना ही चलता है, टाकी भर जाता है." आणि हसले. पंप बंद झाला. पाणी थांबलं. ऊन येईपर्यंत भिंत वाळून जाईल आणि दुपारी येणाऱ्याला तिथे काहीच दिसणार नाही. टाकीच्या बाजूला धुऊन गेलेली रांगोळी तिला आठवली. ती तिने त्याच दिवशी पाहिली होती. चांगली पाहिली होती. पण तेव्हा तिला बूट हवा होता.

तिने कुंडी ओढून उघड्यावर आणली आणि झुबक्याला धरून हलकेच वर खेचलं. प्रतिकार न करता तो हातात आला, मधोमध काळा, लिबलिबीत, तोच बंद डब्याचा वास. एका कडेला मूठभर भाग मात्र अजून घट्ट होता. नखाने खरवडल्यावर आत फिकट पांढरं दिसलं. तिने घरातून सुरी आणून तेवढाच भाग कापून वेगळा केला आणि कोरड्या मातीत लावला. जगेल की नाही ते फाल्गुनाशिवाय कळणार नव्हतं. आडोसा म्हणून मीच तिथे नेलं होतं, ती मनात म्हणाली. मीच.

आणि मग, हात मातीने भरलेले असताना, तिला बागबाजार आठवला. आठवला म्हणजे तो गेली तीसेक वर्षं तिथेच होता, फक्त तिने त्यावरची रजई काढली. कोलकात्यातली पहिली बदली. बागबाजारच्या एका जुन्या घरात दोन खोल्या भाड्याने. घरमालकीण काकीमा गमतीने तिला बर्ग्यांची लेक म्हणत, कारण बर्गी, म्हणजे मराठी घोडेस्वार, येतील म्हणून खणलेला खंदक तिथूनच जवळ सुरू होत असे, असं त्या सांगत; दर वेळी सांगत आणि दर वेळी हसत. एक दिवस काकीमांच्या सुनेची चांदीची कुंकवाची डबी सापडेना. जिन्यात काकीमांनी विचारलं, "लीना, तुमि देखेछो?" तिने पाहिली होती. सकाळी, खिडकीच्या कठड्यावर. त्यानंतर पाहिली नव्हती. एवढं साधं वाक्य. पण सकाळी, कठड्यावर, त्यानंतर, नाही, या सगळ्याला बांगला कुठून आणायची? तिने वर पाहिलं, जिन्याच्या छताकडे. तोंड कोरडं पडलं. आणि खाली पाहिलं तेव्हा काकीमांचा चेहरा बदललेला होता. हनुवटी किंचित वर, डोळे अर्धे बारीक, वाट बघणारे, पण शब्दाची नव्हे. डबी दुसऱ्या दिवशी गाद्यांच्या घडीत सापडली. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी नव्या गुळाच्या पाटीसापट्याची बशी रुमालाने झाकून वर आली. पण तो दिवस पौषसंक्रांतीचा होता आणि तशा बशा सगळ्याच भाडेकरूंकडे गेल्या होत्या. ती क्षमा होती की सण होता, ते लीनाला आजपर्यंत कळलं नव्हतं. तिने तो गोड पदार्थ खाल्ला होता. त्या घरात ती आणखी दोन वर्षं राहिली आणि जिन्यात काकीमा दिसल्या की शेवटपर्यंत, दर वेळी, तोंड कोरडं पडे.

दुसऱ्या दिवशी विवेक तिळगुळाचा डबा घेऊन म्हणाला, "मी जाताजाता नूपुरकडे देऊन येऊ का? म्हणजे विषय मिटेल."

"नको," ती म्हणाली. "मी जाईन."

"बरं. गोड बोल म्हणजे झालं."

मुग्धाचं घर नागेरबाजारकडे, दोन गल्ल्या सोडून. दार मुग्धानेच उघडलं, कानाला ऑफिसचा हेडफोन लावलेला. "अय्या, काकू! तुम्ही कशाला आलात, आम्हीच येणार होतो. परीक्षा होती हो तिची, म्हणून..." मग ती थांबली. आवाज जरा उतरला. ती हसत होती, पण ते हसू दाराच्या साखळीसारखं होतं, थोडंच उघडणारं. "खरं सांगू का काकू, ती यायला तयारच नाही. मला काही सांगेना. परवा बोलली. आभा जाताना म्हणे या दोघींचं ठरलं होतं की ते गवत झोपलं की नूपुरने दर रविवारी जरा वेळ त्याच्याजवळ बसायचं. झोपलेल्याला एकटं वाटू नये म्हणून. काय एकेक असतं ना यांच्या डोक्यात! मी म्हटलं, अगं मग सांगायचं ना आजींना. तर म्हणते, मराठीत येत नव्हतं, आणि तिथे बांगला बोलायचं नाही."

लीनाने मान डोलावली. तिला वाटलं मुग्धा आपल्याकडे बघते आहे, आणि बघतही होती.

नूपुर आत टेबलाशी चित्र रंगवत होती. तिने मान वर केली, "या" म्हणाली, घरात शिकवल्यासारखं, आणि परत रंग भरू लागली. लीना समोरच्या खुर्चीवर न बसता खाली, मुलीच्या पायांपाशी, गालिच्यावर बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली. तिळगुळाचा डबा तिने शेजारी ठेवला, हातात घेतला नाही. येताना सगळ्या वाटेने तिने ठरवलं होतं. मराठीत सांगायचं नाही. मराठीत तिला सगळं सांगता येत होतं, नको तितकं चांगलं. ती म्हणाली, "नूपुर, आमि शेदिन तोमाके..." मी त्या दिवशी तुला, इथवर आलं आणि तिथे रस्ता संपला.

तीस वर्षांची तिची बांगला बाजारातली होती. बटाटे, मासळी, केवढ्याला, फार महाग, ताजं आहे का. संशय कसा म्हणतात? मी बघायचं ते बघितलं नाही, हे कसं म्हणतात? पाणी टाकीतून येत होतं हे सोपं होतं, पण ते सांगायला ती आली नव्हती. शब्दाचा एक तुकडा जिभेपर्यंत आला आणि मागे गेला. तिचे डोळे वर गेले. छताला पंखा होता, थंडीत बंद, पात्यांवर धूळ. तोंड कोरडं पडलं. आपण या क्षणी कशा दिसत असू ते तिला नेमकं माहीत होतं: वेळ काढणाऱ्या, काहीतरी रचणाऱ्या म्हातारीसारख्या. रंगाचा खडू कागदावर घासायचा आवाज थांबला होता.

तिने खाली पाहिलं. नूपुर तिच्याकडे बघत होती. हनुवटी किंचित वर. दोन्ही हात मांडीवर.

"घाई नाही, आजी," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "शब्द येतोय."

ते लीनाच्याच आवाजात होतं, तिच्याच हळू चालीत. तो धीर होता की नक्कल होती, हे त्या चेहऱ्यावरून काही केल्या कळत नव्हतं, आणि विचारायला तिच्याजवळ शब्द नव्हता. ती गालिच्यावर बसून राहिली आणि समोर मूल वाट बघत राहिलं.